माउंट फ्रीमाँटचा वणवा-टेहळणी मनोरा : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील भागात नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास विचारतात : सह्याद्रीत हिंडण्याची सवय आहे, पण इथले डोंगर ओळखीचे नाहीत, तर सुरुवात कुठून करावी? माझे उत्तर बरीच वर्षे एकच आहे. माउंट रेनिअर राष्ट्रीय उद्यानात सनराइज नावाचे ठिकाण आहे, तिथे गाडी लावावी आणि माउंट फ्रीमाँटवरील वणवा-टेहळणी मनोऱ्यापर्यंत चालत जाऊन परत यावे. जाऊन-येऊन हे अंतर ५.६ मैल, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर भरते. सनराइज ६,४०० फुटांवर आहे आणि मनोरा ७,१८१ फुटांवर. कळसूबाईचा माथा साधारण ५,४०० फुटांवर आहे, हे लक्षात घेतले तर इथे गाडीचे दार उघडतानाच आपण महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून हजार फूट वर उभे असतो. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते, त्यामुळे खाली शहरात ३० अंशांच्या उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो त्या दुपारी वर बहुधा सोळा-अठरा अंश असतात आणि धारेवर वारा सुरू झाला की त्याहूनही गार वाटते.

अंतर आणि चढ पाहता ही वाट अवघड नाही. तरीही तिची आखणी नीट करावी लागते, आणि ती करताना एक गोष्ट मनाशी पक्की धरावी : मनोऱ्यावर पोहोचल्यावर तिथे निदान एक तास निवांत बसता आले पाहिजे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी अकरा वाजता चालायला सुरुवात केली होती आणि अंगात सुती टी-शर्ट होता. चढताना तो घामाने भिजला, मनोऱ्याच्या सज्जात वारा लागताच अंगाला चिकटून बर्फासारखा गार पडला, आणि बोटे इतकी आखडली की सुटलेली बुटाची नाडी मला बांधता येईना. सोबतच्या मित्राने ती खाली बसून बांधून दिली. दहाव्या मिनिटाला आम्ही परत फिरलो. एवढ्या लांब येऊन जे पाहायचे होते ते पाहिलेच नाही, ही खंत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिली. खाली दिलेल्या सूचना त्या एका तासाची तजवीज म्हणूनच वाचाव्यात.

दिवस कसा निवडावा

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथले ऋतुचक्र उलटे वाटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने, तर इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि जुलै-ऑगस्ट हे वर्षातले सर्वांत कोरडे महिने असतात. आपल्याकडे डोंगरांना वणवे फाल्गुन ते वैशाखात लागतात, इथे ते याच कोरड्या महिन्यांत लागतात. सनराइजला जाणारा रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतो, तो बहुधा जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीस उघडतो आणि सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या प्रारंभी बंद होतो. मात्र रस्ता उघडला म्हणजे वाट मोकळी झाली, असे समजू नये. वाटेतल्या फ्रोझन लेक या तळ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या उतारांवर जुलैच्या मध्यापर्यंत बर्फाचे तिरके पट्टे राहतात. सकाळी ते काचेसारखे कडक असतात आणि त्यांवरून पाय निसटला तर खाली थेट दगडांत जाऊन थांबावे लागते. बर्फावर चालण्याची सवय नसलेल्यांनी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतरचा आणि सप्टेंबरच्या मध्यापूर्वीचा दिवस धरावा. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुरणांमध्ये ल्युपिनची निळी-जांभळी आणि पेंटब्रशची लालभडक फुले असतात. रानफुलांसाठी कासच्या पठारावर गेलेल्यांना हे दिवस विशेष आवडतील, पण गर्दीही याच दिवसांत सर्वाधिक असते. शक्य असल्यास आठवड्याच्या मधला दिवस घ्यावा.

ऑगस्टनंतर आणखी एक चौकशी आवश्यक ठरते, ती धुराची. दूर कुठे वणवा पेटला असला तरी वाऱ्याबरोबर धूर येऊन सगळी दरी भरून टाकतो. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक १००च्या वर असेल तर बेत पुढे ढकलावा. त्या दिवशी मनोऱ्यावरून काही दिसत नाही, आणि चढताना आपण श्वासही खोल घेत असतो, हे त्याहून महत्त्वाचे.

हवामानाचा अंदाज पाहताना सिअ‍ॅटलचा नव्हे, तर सनराइजच्या उंचीचा अंदाज पाहावा. उद्यानाच्या संकेतस्थळावर कॅमेऱ्यांची थेट छायाचित्रेही असतात. रेनिअर पर्वताच्या माथ्यावर गुळगुळीत, भिंगाच्या आकाराचा ढग टोपीसारखा बसलेला दिसला, तर वरच्या हवेत ओलावा आणि जोराचा वारा आहे असे समजावे. पुढच्या दिवसभरात हवा बिघडण्याची ती बऱ्याचदा पूर्वसूचना असते. त्याच संकेतस्थळावर प्रवेशाचे नियमही पाहून घ्यावेत. २०२४ आणि २०२५च्या उन्हाळ्यांत सनराइजच्या रस्त्यासाठी ठरावीक वेळेचे आरक्षण लागत होते. हा नियम वर्षागणिक बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबून निघू नये.

आदल्या रात्रीची तयारी

कपड्यांचा नियम एकच : अंगाला सुती कापड लागू देऊ नये. आत घाम लवकर वाळेल असा कृत्रिम धाग्याचा किंवा मेंढीच्या लोकरीचा पातळ सदरा, त्यावर हलका उबदार थर, आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे विंडचीटर अशी रचना असावी. चालताना उबदार थर पिशवीतच राहील, पण मनोऱ्यावर तो लागणारच. कानटोपी अवश्य घ्यावी. ऑगस्टमध्ये कानटोपी कशाला, असे विचारणाऱ्या अनेकांनी वर पोहोचल्यावर माझी मागून घेतलेली आहे. ऊन मात्र कडक असते, कारण या उंचीवर हवा विरळ असते आणि वाटेच्या बहुतेक भागात झाडाची सावली नाही. म्हणून टोपी, काळा चष्मा आणि सनस्क्रीन लागते. बुटांचे तळवे खरबरीत असावेत. वाटेचा शेवटचा टप्पा सुट्या दगडांचा आहे, त्याला आपण घसारा म्हणतो तसाच. गुळगुळीत तळव्यांचे धावण्याचे जुने बूट तिथे दगा देतात.

दर माणशी दोन लिटर पाणी घरूनच भरून घ्यावे, कारण वाटेत पिण्याचे पाणी नाही. खाण्यासाठी थंड झाल्यावरही मऊ राहणारे पदार्थ न्यावेत. आमच्या घरी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, कोरडी लसणाची चटणी, गुळाचा खडा आणि शेंगदाण्याची चिक्की हा ठरलेला डबा आहे. थर्मासमध्ये गरम चहा नेला तर मनोऱ्यावरचा तास पुरता सत्कारणी लागतो. चूल किंवा शेकोटी पेटवण्याचा विचारही मनात आणू नये.

फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण वर मोबाइलला बहुधा रेंज मिळत नाही. कुठे जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परत फोन करू, हे घरच्या कोणाला तरी सांगून ठेवावे. कुत्र्यांना या उद्यानातील पायवाटांवर मनाई आहे आणि ड्रोन उडवण्यासही बंदी आहे.

सनराइजपर्यंत

सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडील उपनगरांतून सनराइजला पोहोचण्यास दोन ते अडीच तास लागतात. सकाळी पाच वाजता निघणे उत्तम. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी वरचा वाहनतळ सकाळीच भरतो आणि मग खाली व्हाइट रिव्हर प्रवेशद्वारावर गाड्या थांबवून ठेवतात. एक गाडी उतरली की एक वर सोडतात. उद्यानात कुठेही पेट्रोल मिळत नाही, तेव्हा एनमक्लॉ गावातच टाकी भरावी. प्रवेशद्वारानंतर रस्ता दाट जंगलातून वळणे घेत चढतो. शेवटच्या टप्प्यात सनराइज पॉइंट नावाचे केसाच्या आकड्यासारखे वळण येते, तिथे पाच मिनिटे थांबावे. स्वच्छ हवेत दक्षिणेकडे माउंट अ‍ॅडम्स दिसतो आणि पश्चिमेकडे रेनिअर एकदम अंगावर येतो.

१४,४१० फुटांच्या या ज्वालामुखीला १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीने आपल्या मित्राचे, नौदलातील पीटर रेनिअरचे नाव दिले. हा रेनिअर पुढे ब्रिटिश आरमाराच्या ईस्ट इंडीज तुकडीचा प्रमुख म्हणून कित्येक वर्षे आपल्याकडच्या समुद्रात होता, आणि स्वतःच्या नावाचा पर्वत त्याने कधीच पाहिला नाही. इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांत या पर्वताचे नाव ताहोमा किंवा ताकोमा असे आहे, आणि मला तेच अधिक योग्य वाटते.

सनराइजला शौचालये आहेत. ती वापरूनच निघावे, कारण पुढे ही सोय नाही. प्रवासी माहिती केंद्र उघडे असल्यास तिथल्या रेंजरना वाटेवर कुठे बर्फ आहे का, हे विचारून घ्यावे. प्रश्न अर्ध्या मिनिटाचा असतो, पण त्याचे उत्तर त्या सकाळचे ताजे असते.

सनराइज ते फ्रोझन लेक

वाट वाहनतळाच्या उत्तर बाजूने, शौचालयांच्या मागून निघते. सुरुवातीची रुंद पायवाट कुरणातून थेट सावरडो रिज या धारेकडे चढते. दम लागतो तो इथेच. समुद्रसपाटीला राहून दोन तासांत साडेसहा हजार फुटांवर आल्यामुळे पहिली पंधरा मिनिटे छाती भरून येते, तंदुरुस्त माणसालाही. हळू चालावे, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. डोके दुखू लागले किंवा मळमळले तर थांबून पाणी प्यावे, आणि त्रास वाढत गेला तर उतरावे.

पायवाट सोडून कुरणात पाऊल ठेवू नये, ही या भागातली सर्वांत कळकळीची विनंती आहे. ही रोपे वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने बर्फाबाहेर असतात आणि ज्वालामुखीच्या भुसभुशीत, हलक्या मातीत मुळे धरून असतात. फोटोसाठी आत घातलेल्या चार पावलांची खूण तिथे वर्षानुवर्षे राहते.

धारेवर आल्यावर डावीकडे, पश्चिमेला वळावे. इथून दोन्ही बाजू उघड्या होतात. उजव्या हाताला, उत्तरेकडे, घनदाट जंगलाच्या दऱ्या खाली उतरत जातात, आणि डावीकडे रेनिअरचा एमन्स हिमनद दिसतो, जो अलास्का वगळता अमेरिकेतील सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचा हिमनद आहे. वाट पुढे दगडांच्या उतारावरून आडवी जाते. इथे चालताना दगडांमधून अचानक तीक्ष्ण, एकाक्षरी ‘ईक्’ असा आवाज येतो. तो पिकाचा. मुठीत मावेल एवढा, गोल कानांचा हा ससावर्गीय प्राणी हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून तो उन्हाळाभर गवताच्या काड्या तोंडात धरून आणतो, त्यांचे ढीग लावतो आणि बर्फातल्या महिन्यांत तीच वैरण खातो. पाच मिनिटे हालचाल न करता थांबले, तर तोंडात आडवी काडी धरून दगडावरून दगडावर पळणारा पिका बहुधा दिसतोच. लांबलचक शीळ ऐकू आली तर ती मार्मटची, म्हणजे बिळात राहणाऱ्या मोठ्या खारीची समजावी. जेवायला बसलो की खारी अगदी बुटांपर्यंत येतात. त्यांना काहीही खायला देऊ नये. तशी कायद्यानेही बंदी आहे, आणि माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागलेली खार हिवाळ्याची बेगमी करीत नाही.

दीड मैलावर, म्हणजे अडीच किलोमीटरला थोडे कमी अंतरावर, फ्रोझन लेक लागते. नाव गोठलेले तळे असले तरी ऑगस्टमध्ये ते बहुधा मोकळे असते. सनराइजचा पाणीपुरवठा याच तळ्यातून होतो, म्हणून त्याला कुंपण आहे आणि पाण्याजवळ जाण्यास मनाई आहे. इथे पाच वाटा एकत्र येतात, त्यामुळे पाट्या वाचूनच पुढे जावे. सरळ जाणारी वाट रेनिअरला वळसा घालणाऱ्या वंडरलँड ट्रेलची आहे, डावीकडची बरोज पर्वताकडे चढते, आणि आपली वाट उजवीकडे, उत्तरेला वळते. पाटीवर माउंट फ्रीमाँटचे नाव स्पष्ट असते.

भारतातून आलेले आई-वडील किंवा लहान मुले बरोबर असतील, तर निर्णय इथे घ्यावा. गुडघे कुरकुरत असतील, वारा जोराचा असेल, तर फ्रोझन लेकपासून परतणे पूर्ण शहाणपणाचे आहे. इथवरचा तीन मैलांचा फेरफटकासुद्धा भरगच्च होतो. मंडळींची दोन गटांत विभागणी करायची असेल तर तीही इथेच करावी आणि परतीची वेळ घड्याळ पाहून ठरवावी, कारण पुढे फोनवर विचारता येणार नाही.

फ्रोझन लेक ते मनोरा

शेवटचे १.३ मैल, म्हणजे सुमारे दोन किलोमीटर. तळ्याच्या बाजूने वाट वर निघते, झाडे संपतात आणि आपण डोंगराच्या पश्चिम अंगाने आडवे जाऊ लागतो. उजवीकडे चढता उतार, डावीकडे उतरता. वाट दोन माणसे बाजूबाजूने कशीबशी जातील एवढी आहे, काही ठिकाणी त्याहून अरुंद. सह्याद्रीत ज्यांनी एखादी आडवी वाट पार केली आहे त्यांना यात काही विशेष वाटणार नाही, परंतु लहान मुलांना इथे डोंगराच्या बाजूला ठेवून हात धरून न्यावे. समोरून येणाऱ्याला जागा देताना आपणही डोंगराच्या बाजूलाच उभे राहावे, दरीकडे कधीही सरू नये. पायाने दगड सुटला तर मोठ्याने ओरडून खालच्यांना सावध करावे.

या उतारांवर पहाटे किंवा संध्याकाळी पांढऱ्या रानशेळ्यांचे कळप दिसतात. त्यांचे फोटो दुरूनच काढावेत आणि निदान दीडशे फुटांचे अंतर राखावे. मिठाच्या ओढीने त्या माणसाच्या लघवीपर्यंत येतात, म्हणून नैसर्गिक विधी उरकण्याची वेळ आलीच तर वाटेपासून दूर, दगडांवर उरकावा. गवतावर उरकला तर त्या गवत उपटून टाकतात. नर अंगावर येण्याच्या पवित्र्यात दिसला तर आपणच मागे सरून त्याला वाट द्यावी.

मनोरा डोंगराच्या सर्वोच्च बिंदूवर नाही. माथा थोडा मागे आणि सुमारे १३० फूट उंच राहतो, आणि मनोरा धारेच्या उत्तर टोकाला, सोंडेवर उभा आहे. नवख्यांना हे विचित्र वाटते. पण टेहळणीसाठी उंचीपेक्षा नजरेचा टापू महत्त्वाचा असतो, हे आपल्याकडच्या किल्ल्यांवरही दिसते : बालेकिल्ला मध्यभागी उंच असतो आणि टेहळणीचा बुरूज माचीच्या टोकाला.

मनोऱ्यावरचा तास

प्रथम ओला कपडा बदलावा, उबदार थर आणि विंडचीटर चढवावे, कानटोपी घालावी, आणि मगच इकडेतिकडे पाहावे. अंग गरम असतानाच हे करायचे असते.

मनोरा १९३४चा आहे. खाली साठवणीची बंदिस्त खोली, वर चारही बाजूंनी खिडक्यांची खोली आणि तिच्याभोवती लाकडी सज्जा अशी त्याची दुमजली बांधणी आहे. खोली कुलूपबंद असते, सज्जात मात्र सर्वांना जाता येते. कठड्याचे लाकूड उन्हापावसाने करडे पडले आहे, त्याच्या शिरा बोटांना लागतात. त्यावर नाव कोरण्याचा मोह कोणालाही होऊ नये. या उद्यानात असे चारच मनोरे उरले आहेत.

हे मनोरे का उभे राहिले, ते इथे बसून समजून घेण्यासारखे आहे. १९१०च्या ऑगस्टमध्ये, २० आणि २१ तारखेला, आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या राज्यांत सोसाट्याच्या वाऱ्याने अनेक लहान वणवे एकत्र येऊन सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली, त्यांत बहुतेक आग विझवणारेच होते. वणवा लहान असतानाच दिसला पाहिजे, हा धडा वनखात्याने त्यातून घेतला आणि पुढच्या तीन दशकांत पश्चिम अमेरिकेच्या डोंगरमाथ्यांवर मनोरे उभे राहिले. एकट्या वॉशिंग्टन राज्यात एके काळी सहाशेहून अधिक होते. नंतर विमाने आली, रेडिओ आणि कॅमेरे आले आणि टेहळ्यांची गरज कमी होत गेली.

टेहळ्या काम कसे करी? खोलीच्या मध्यभागी ऑसबॉर्न फायर फाइंडर नावाचे यंत्र असे. गोल तबकडीवर भोवतालच्या प्रदेशाचा नकाशा लावलेला, नकाशाच्या अगदी मध्यात मनोऱ्याची जागा, आणि कडेने अंशांच्या खुणा असलेले लोखंडी कडे. कड्यावर समोरासमोर दोन शलाका : एकीत डोळा लावण्याची बारीक फट, दुसरीत उभा ताणलेला घोड्याचा केस. फटीतून पाहत केस धुराच्या बुडाशी आणला की कड्यावर दिशेचा अंश वाचता येई. पण एका मनोऱ्यावरून फक्त दिशा कळते, अंतर नाही. दुसऱ्या डोंगरावरच्या टेहळ्याने त्याच धुराची त्याच्याकडची दिशा कळवली की नकाशावर दोन रेषा जिथे छेदतील तिथे आग. वीज कडाडत असताना टेहळ्या काचेच्या पायांच्या तिवईवर उभा राहून हे काम करी, कारण मनोऱ्यावर वीज पडली तर ती अंगातून जमिनीत उतरू नये.

आता फोनमधले होकायंत्र उघडावे आणि हाच अभ्यास आपण करावा. याला रेंज लागत नाही. सज्जाच्या एका कोपऱ्यात उभे राहून उतरवून ठेवलेल्या नकाशावर आपली जागा शोधावी. उत्तरेकडे खाली जंगलाच्या मधोमध टेबलासारखे सपाट, मोठे गवताळ पठार दिसते, ते ग्रँड पार्क. त्याच्या दोन टोकांचे अंश वाचावेत आणि नकाशावरच्या रेषांशी जुळतात का ते पाहावे. मग दक्षिणेकडे वळून रेनिअरच्या माथ्याचा, बरोजचा आणि पश्चिमेकडील स्कायस्क्रेपर माउंटनचा अंश घ्यावा. मुलांना हे फार आवडते. एकाने अंश सांगायचा आणि दुसऱ्याने नकाशावरून डोंगराचे नाव शोधायचे, असा अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

त्यानंतर टेहळ्यासारखे पाहून बघावे. सगळा देखावा एकदम न पाहता क्षितिजाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकडा जवळून दूर, दरीच्या तळापासून धारेपर्यंत सावकाश नजरेखालून घालावा. मग नजर क्षणभर दुसरीकडे नेऊन पुन्हा तोच तुकडा पाहावा. पावसानंतर दऱ्यांमधून धुक्याचे पुंजके उठतात, ते अगदी धुरासारखे दिसतात. टेहळे त्यांना ‘वॉटर डॉग’, म्हणजे पाणकुत्री म्हणत. फरक असा की धुके विरत जाते किंवा सरकते. धूर एकाच बुडापासून उठत राहतो आणि त्याचा रंग बदलतो. विजेने पेटलेले झाड कित्येक दिवस आतल्या आत धुमसते आणि एखाद्या गरम दुपारी अचानक धूर सोडते, म्हणून वादळानंतरचा आठवडाभर टेहळ्या डोळ्यांत तेल घालून बसे. आपल्याला खरोखर धूर दिसला, तर त्याचा अंश आणि वेळ लिहून घ्यावी, शक्य झाल्यास फोटो काढावा आणि सनराइजला उतरताच रेंजरना सांगावे.

मेळघाटात किंवा ताडोब्यात उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढणारे आणि निरीक्षण मनोऱ्यावर बसणारे वनमजूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे काम वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मी स्वतः तो अभ्यास करू लागल्यापासून या वाटेला कितीही वेळा गेलो तरी ती जुनी झालेली नाही.

उतरताना

उठण्याची वेळ आभाळ ठरवते. दुपारकडे ढग उभे वाढू लागले, त्यांचे बूड काळे पडले किंवा कुठे दूरवर गडगडले, तर चहा अर्धवट ठेवून निघावे. मनोऱ्याच्या आडोशाला थांबू नये. धारेवरून लवकर खाली येणे हाच उपाय आहे. हवा चांगली असली तरी शेवटच्या घोटासाठी अर्धा लिटर पाणी राखून ठेवावे.

घसाऱ्यावर पाय घसरतात ते चढताना नव्हे, उतरताना. पावले आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, वजन मागे न रेलता पायांवर घ्यावे. चालण्याच्या काठ्या असतील तर त्यांची लांबी थोडी वाढवावी. चालताना फोटो काढू नयेत, थांबून काढावेत. फ्रोझन लेकच्या संगमावर थकलेल्या डोक्याने चुकीची वाट धरली जाते, तिथे सनराइजची पाटी पुन्हा वाचावी. नवख्यांनी जाण्यायेण्याला तीन तास आणि मनोऱ्यावर एक, असे चार-साडेचार तास धरले की घाई होत नाही.

गाडीशी आल्यावर मोजे बदलावेत, चालवणाऱ्याने काहीतरी खाऊन घ्यावे. घाटात उतरताना सतत ब्रेकवर पाय न ठेवता गाडी खालच्या गियरमध्ये टाकावी.

ही वाट अंगवळणी पडल्यावर याच उद्यानातील श्राइनर पीकच्या मनोऱ्याकडे जाता येईल, पण ती वाट वेगळ्या ताकदीची आहे. जाऊन-येऊन आठ मैल आणि सुमारे ३,४०० फुटांचा चढ, त्यात सावली कमी. ती भर ऑगस्टमध्ये घेऊ नये. सप्टेंबरमधली एखादी थंड सकाळ बघून, दर माणशी तीन लिटर पाणी घेऊन, उजाडताच चढायला लागावे.